सनद आणि स्फटिक

पदवीदान समारंभात विद्यार्थ्याच्या हाती सनद पडते त्या क्षणाकडे आपण बहुधा कौतुकाच्याच दृष्टीने पाहतो. घरची माणसे मागच्या रांगांत माना उंचावून बसलेली असतात, अधिष्ठाते आपापल्या विद्याशाखेच्या उमेदवारांना क्रमाने सादर करतात, आणि विद्यापीठाच्या कायद्याने आपल्याकडे सोपविलेल्या अधिकारान्वये आपण यांना पदवी प्रदान करीत आहोत, अशा अर्थाचे वाक्य व्यासपीठावरून उच्चारले गेले की सभागृह टाळ्यांनी दुमदुमून जाते. या गजरात त्या वाक्यातला ‘अधिकारान्वये’ हा शब्द विरून जातो. वस्तुतः तोच शब्द घरी नेऊन विचार करण्याजोगा आहे. सनद हा शब्दच मुळी दफ्तरखान्यातून आलेला आहे. इनामाची सनद, वतनाची सनद, अशी जी कागदपत्रे जुन्या दरबारांतून दिली जात, त्यांत देणगीबरोबर चाकरीही नमूद असे. विद्यापीठाच्या सनदेतही ती असते. फक्त ती त्या सुबक अक्षरांत लिहिलेली नसून अन्य कायद्यांच्या कलमांत विखुरलेली असते.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही त्यांतली दोन नावे महाराष्ट्राला सांगावी लागत नाहीत. पुढे १८७४ साली सर कावसजी जहांगीर यांच्या नावाचे ते भव्य गॉथिक दीक्षान्त सभागृह उभे राहिले. त्या काळी सनद मिळालेला तरुण शाळेत, कचेरीत किंवा न्यायालयात रुजू होई, आणि त्याच्या विद्येची कसोटी शब्दांवर लागे. आज त्याच समारंभात औषधनिर्माणशास्त्राचा पदवीधर उभा राहतो, त्याची कसोटी निराळी आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनी असे ठरवून दिले आहे, की औषधाचे उत्पादन सक्षम तांत्रिक इसमाच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच झाले पाहिजे. आणि सक्षम कोण, तर ज्याच्यापाशी मान्यताप्राप्त विद्यापीठाची औषधनिर्माणशास्त्रातील पदवी असून तदनंतर उत्पादनाचा किमान अठरा महिन्यांचा अनुभव आहे तो, किंवा रसायन हा मुख्य विषय घेऊन विज्ञानाचा पदवीधर झालेला आणि तीन वर्षे त्या कामात मुरलेला तो. म्हणजे व्यासपीठावर मिळालेल्या त्या कागदाच्या बळावर हा तरुण एके दिवशी औषधाच्या एका घाण्याखाली सही करणार असतो, आणि ती सही झाल्याशिवाय त्या घाण्यातली एकही गोळी रोग्यापर्यंत पोहोचणार नसते. या सहीसाठी त्याला काय ठाऊक असले पाहिजे, याचा एक छोटासा पण अत्यंत नाजूक भाग या प्रकरणात सांगावयाचा आहे. त्यासाठी मी वाचकांना रायगड जिल्ह्यात, पेण आणि रोहा या दोन गावी नेणार आहे.

ही निवड केवळ जिव्हाळ्यापोटी केलेली नाही. भारतातील विद्यापीठ अनुदान आयोगाचे एक माजी अध्यक्ष चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, आणि त्यांचे बालपण गेले ते रोह्यात. १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळविली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र, भूशास्त्र आणि रसायन हे विषय घेऊन पदवी संपादन केली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, कुलाब्याचे लोकसभा सदस्य, देशाचे अर्थमंत्री, मुंबईच्या प्रश्नावर त्या पदाचा त्याग करणारे गृहस्थ, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू आणि मेघदूताचे मराठी अनुवादक, एवढ्या नात्यांनी आपण त्यांना ओळखतो; परंतु रसायनाचा अभ्यास केलेला रोह्याचा मुलगा देशातील विद्यापीठांच्या अनुदानाचा आणि दर्जाचा विश्वस्त झाला, ही गोष्ट मला या प्रकरणाच्या संदर्भात विशेष अर्थपूर्ण वाटते. याच जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे, १९८९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले, आणि रोह्याला लागून धाटाव येथे कुंडलिकेच्या काठी रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे, तीत युनिकेम लॅबोरेटरीजचा औषधद्रव्यांचा आणि सुदर्शन केमिकल्सचा रंगद्रव्यांचा कारखाना आहे. सनद देणारी जागा आणि सही करण्याची जागा, दोन्ही एकाच जिल्ह्यात नांदत आहेत. पेणचा संबंध काय, असे कोणी विचारील. तर त्या सहीमागचे जे शास्त्र आहे, ते पेणमध्ये उघड्या अंगणात पाहावयास मिळते.

पेण गाव गणपतीच्या मूर्तींसाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. तेथील आणि शेजारच्या हमरापूर-जोहे परिसरातील कारखान्यांत वर्षभर साचे भरले जातात, मूर्ती सोलून काढल्या जातात, रंगकाम होते आणि अखेरीस डोळ्यांची आखणी होते. या मूर्ती दोन प्रकारच्या द्रव्यांच्या असतात, शाडूच्या आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या. आणि पाण्याशी या दोन द्रव्यांचे जे वर्तन आहे, ते नीट पाहिले तर औषधाची गोळी पोटात गेल्यावर काय घडते हे अर्धेअधिक समजते.

शाडूची मूर्ती पाण्यात सोडली, की ती थोड्याच वेळात ढासळू लागते आणि काही तासांत तिचा चिखल होतो. आपण म्हणतो, मूर्ती विरघळली. शास्त्राच्या भाषेत ती मुळीच विरघळलेली नाही. मातीचे कण एकमेकांपासून सुटले, पाण्यात पसरले आणि तळाशी बसले, एवढेच घडले. ते पाणी स्वस्थ ठेवले तर वर पुन्हा निवळ होईल आणि ओंजळभर माती जशीच्या तशी परत मिळेल. मीठ पाण्यात टाकले असता जे घडते, ते याहून सर्वस्वी भिन्न होय. तेथे मिठाचा स्फटिक घटकन् घटक सुटत जाऊन पाण्याचा अंश बनतो, डोळ्यांना काहीच दिसेनासे होते आणि कोणत्याही फडक्याने ते गाळून वेगळे काढता येत नाही. औषधाच्या गोळीला या दोन्ही अवस्थांतून जावे लागते. प्रथम ती शाडूसारखी फुटली पाहिजे. साध्या, आवरणरहित गोळीने पंधरा मिनिटांच्या आत फुटावे, अशी औषधसंहितेची अट आहे. पण फुटणे म्हणजे विरघळणे नव्हे. फुटलेल्या गोळीचे कण आतड्यातून तसेच्या तसे पुढे सरकत गेले, तर रोग्याने औषध गिळले खरे, परंतु त्याच्या रक्ताला ते मिळाले नाही. आतड्याच्या अस्तरातून पलीकडे जाण्याचा परवाना साधारणतः विरघळलेल्या रेणूलाच असतो.

आता विरघळण्याच्याही दोन बाजू आहेत, आणि त्यांची गल्लत आपण नेहमी करतो. एक बाजू वेगाची, दुसरी मर्यादेची. खडीसाखर आणि पिठीसाखर एकाच वेळी दोन पेल्यांत टाकली तर पिठीसाखर क्षणात नाहीशी होते आणि खडीसाखर रेंगाळते, कारण पिठाचा पृष्ठभाग मोठा, त्याला पाणी चोहोंकडून भिडते. नॉइस आणि व्हिटनी या दोन संशोधकांनी १८९७ साली या वेगाचे सूत्र मांडले. परंतु पेलाभर पाण्यात अखेर साखर मावणार किती, हा प्रश्न निराळा आहे. खडीसाखर असो वा पिठीसाखर, स्फटिक तोच असल्याने ती मर्यादा दोघींना एकच. मिठाचे उदाहरण घेतले तर १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ मावते, आणि त्यानंतर कितीही ढवळले तरी उरलेले तळाशीच राहते. द्रावण संपृक्त झाले, असे आपण म्हणतो.

पेणच्या खारेपाटातल्या मिठागरांवर हीच मर्यादा उलट्या दिशेने काम करते. भरतीचे पाणी आत घेतले जाते, त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाने आणि वाऱ्याने ते आटत जाते, एका कोंडीतून दुसरीत सोडले जाते, आणि ते मूळच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर आले, की मिठाचे दाणे धरू लागतात. परंतु त्याच्या बरेच अगोदर, पाणी चौथाईच्या आसपास उरले असता, दुसरा एक पदार्थ निमूटपणे तळाशी बसून गेलेला असतो. तो म्हणजे जिप्सम, चुन्याच्या जातीचे एक गंधकयुक्त लवण. त्याची विद्राव्यता मिठाच्या मानाने नगण्य असल्यामुळे तो आधी बाहेर पडतो. आणि हाच जिप्सम, खाणीतून काढलेला आणि भाजलेला, काही कोसांवरच्या मूर्तीच्या कारखान्यात पोत्यांतून येऊन पडतो.

जिप्समच्या स्फटिकात प्रत्येक घटकामागे पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात. सुमारे दीडशे अंशांवर तो भाजला की त्यातील तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि जे पांढरे पीठ उरते, ते प्लॅस्टर ऑफ पॅरिस. मूर्तिकार ते पाण्यात सोडतो, कालवतो, काथ्या घालून साच्यात ओततो. थोड्याच वेळात माल गरम होतो आणि दगडासारखा घट्ट बसतो. का बसतो? या प्रश्नात लव्हॉझिएसारख्या पुरुषाने तारुण्यात, १७६५ साली, लक्ष घातले होते. उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ल शातलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दिले, आणि ते मोठे सुंदर आहे. भाजलेले पीठ आणि मूळचा जिप्सम यांत फरक आहे तो फक्त बांधलेल्या पाण्याचा आणि मांडणीचा. परंतु भाजलेल्या पिठाची विद्राव्यता जिप्समच्या सुमारे तिप्पट आहे. म्हणून बादलीतले पाणी पीठ विरघळवून घेते ते स्वतःच्या हिशेबाने, आणि तेवढ्यात जिप्समच्या हिशेबाने मात्र ते तिपटीने ओसंडलेले असते. जास्तीचा भार पाणी टाकून देते. पण टाकताना पीठ म्हणून टाकीत नाही, जिप्सम म्हणून टाकते, बारीक सुयांच्या रूपाने, आणि त्या सुया एकमेकींत गुंतून मूर्तीचे अंग बनते. जो प्रकार अधिक विरघळतो तो कमी टिकाऊ असतो, आणि जो कमी विरघळतो तो अधिक टिकाऊ. आणि पाण्याची वाट मिळाली की पहिला दुसऱ्यात जाऊन मिळतो. हा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व कथा त्याच्याच आहेत.

मूर्तिकारांना आणखी एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. बादलीच्या कडांना कालच्या मालाची खपली राहिली असेल, तर आजचा माल वेळेआधीच धरतो, साच्यात नीट पसरण्यापूर्वीच घट्ट होऊ लागतो. म्हणून बादली खरवडून धुऊन घेण्याचा दंडक असतो. या खपलीतले जुने स्फटिक नव्या स्फटिकांना मांडणी दाखवितात. शास्त्रात त्यांना बीजस्फटिक म्हणतात. हे बीज किती सूक्ष्म असू शकते आणि त्याने किती अनर्थ घडू शकतो, हे जगाला १९९८ साली एका औषधाने शिकविले.

एकाच रेणूचे निरनिराळे स्फटिक असू शकतात, या गुणाला बहुरूपता म्हणतात. मित्शर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० नंतरच्या दशकात लवणांमध्ये ती दाखवून दिली, आणि १८३२ साली व्होलर व लीबिग यांनी बेंझामाइड या सेंद्रिय पदार्थात ती पाहिली. विटा त्याच, पण एका भिंतीत त्या उभ्या रचल्या आणि दुसरीत आडव्या, तर भिंत पाडण्यास लागणारे बळ सारखे राहणार नाही. तसेच रेणूंच्या रचनेत सैलपणा असला की पाणी त्यांना लवकर सोडविते, घट्टपणा असला की उशिरा आणि थोडे. औषधांच्या निरनिराळ्या स्फटिकरूपांत विद्राव्यतेचा हा फरक बहुतेक वेळा दुपटीच्या आतच असतो. पण जेथे मांडणी अजिबातच नसते, रेणू गर्दीतल्या माणसांसारखे कसेही पडलेले असतात, तेथे तो कित्येक पटींनी वाढतो. जत्रेतले ‘म्हातारीचे केस’ ही साखरेची असलीच मांडणीविरहित अवस्था होय. ते जिभेवर टेकताच नाहीसे होतात, आणि कोकणच्या दमट हवेत कागदाबाहेर राहिले तर बघता बघता बसतात, चिकटतात आणि पुन्हा स्फटिकाची वाट धरतात. ओस्टवाल्ड याने १८९७ सालीच असे निरीक्षण मांडले होते, की पदार्थ द्रावणातून बाहेर पडताना बहुधा थेट सर्वांत स्थिर रूपात येत नाही, वाटेतल्या अस्थिर रूपांवर मुक्काम करीत येतो. औषधनिर्मात्याची सारी पंचाईत या मुक्कामांची आहे. आपल्या हाती आलेले रूप हे गाव आहे की वाटेवरची धर्मशाळा, हे त्याला सांगता आले पाहिजे.

क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक चवीला अतिशय कडू. मुलांना ते देता यावे म्हणून पामिटिक आम्लाशी त्याचा संयोग करून बेचव असे रूप तयार करण्यात आले आणि पातळ औषध म्हणून बाटल्यांत भरले गेले. या संयुगाचे स्फटिक एकाहून अधिक प्रकारचे होतात. १९६७ साली आग्विआर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ‘ब’ रूप दिले असता रक्तात औषध भरपूर उतरते आणि ‘अ’ रूप दिले असता अत्यल्प. दोन्ही बाटल्यांवर तेच नाव, आत तोच रेणू, वजनही तेच. तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईने चमचा मोजून दिला तरी एका घरी औषध दिले गेले आणि दुसऱ्या घरी जवळजवळ दिलेच गेले नाही, असे घडू शकत होते. औषधसंहितांनी त्यानंतर ‘अ’ रूपावर १० टक्क्यांची मर्यादा घातली. हे उदाहरण मी प्रथम वाचले तेव्हा मला जो धक्का बसला तो अद्याप ओसरलेला नाही. शुद्धता म्हणजे केवळ भेसळीचा अभाव, अशी जी आपली समजूत असते, ती येथे पुरी पडत नाही.

आता १९९८ ची हकीकत. एचआयव्हीवरील रिटोनॅव्हिर हे औषध ॲबट कंपनीने १९९६ साली बाजारात आणले. ते पोटात सहज विरघळणारे नसल्याने मद्यार्क आणि पाणी यांच्या मिश्रणात विरघळवून कॅप्सूलमध्ये भरले जाई. त्याचे एकच स्फटिकरूप तोवर ज्ञात होते आणि २४० घाणे काही एक तक्रार न येता तयार झाले होते. १९९८ च्या मध्यास कॅप्सूल विद्राव्यतेच्या चाचणीत नापास होऊ लागल्या. उघडून पाहिले तो आत एक नवेच स्फटिक धरलेले. रेणू तोच, परंतु त्याने आपले अंग निराळ्या प्रकारे मुडपून निराळी घट्ट रचना केली होती आणि तिची विद्राव्यता पहिल्या रूपाच्या चौथाईहूनही कमी भरत होती. म्हणजे जे द्रावण पहिल्या रूपाच्या हिशेबाने निर्धास्त होते, तेच नव्याच्या हिशेबाने कित्येक पटींनी ओसंडलेले होते. पेणच्या बादलीतली अवस्था हीच. शोध घेण्यासाठी जे शास्त्रज्ञ इटलीतील मूळ द्रव्याच्या कारखान्यात गेले, त्यांच्या भेटीनंतर तेथेही, जेथे हे रूप पूर्वी नव्हते, ते भराभर दिसू लागले. कपड्यांवरून वा केसांवरून गेलेली डोळ्यांना न दिसणारी धूळ बीज म्हणून पुरेशी होत असावी. कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या, रुग्णांना अत्यंत वाईट चवीच्या पातळ औषधावर दिवस काढावे लागले, आणि पुढच्या वर्षी शीतकपाटात ठेवावयाच्या नव्या मऊ कॅप्सूल आल्या. बादली खरवडून धुणारा मूर्तिकार या हकीकतीने चकित होईल असे मला वाटत नाही.

तिसरे उदाहरण आपल्या हवेचे आहे, म्हणून ते मी थोडे थांबून सांगतो. अपस्मारावर दिले जाणारे कार्बामाझेपिन हे औषध गोळीत असते ते निर्जल स्फटिकाच्या रूपात. दमट हवेत ते पाणी बांधून घेते आणि त्याचे जलयुक्त रूप बनते. भाजलेले प्लॅस्टर पाणी घेऊन जिप्सम होते, त्याच जातीचा हा फेरफार. जलयुक्त रूप कमी विरघळते, गोळी कडक होते, आणि परिणामी औषधाचा गुण घटतो. दमट जागी ठेवलेल्या गोळ्यांचा परिणाम एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९० साली दिली होती. मूर्तिकार पावसाळ्यात प्लॅस्टरची पोती फळीवर, भिंतीपासून दूर, प्लॅस्टिकखाली ठेवतो, कारण ओल लागलेला माल नीट धरत नाही हे त्याला माहीत आहे. त्याच घरात फेफऱ्याच्या गोळ्यांची उघडी डबी न्हाणीघराजवळच्या कोनाड्यात असेल, तर तेथेही तेच शास्त्र लागू आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आणि अपस्माराच्या रोग्याला मात्रेतली एवढी घट म्हणजे रस्त्यात, विहिरीच्या काठावर किंवा चुलीपाशी येणारा झटका असू शकतो. पदवीदानाच्या भाषणांत राष्ट्रोद्धाराचे मोठे मोठे विषय येतात ते योग्यच आहे. परंतु आषाढातल्या पेणमध्ये गोळी पाकिटातून खायच्या वेळीच काढावी, ही गोष्ट त्या स्नातकाने आपल्या गल्लीत मराठीत समजावून दिली, तर सनदेतली चाकरी रुजू झाली असे मी समजेन.

धाटावचे रंगद्रव्य आणि औषध हे शेजारी असण्यातही एक शिकवण आहे. फ्थॅलोसायनिन निळा हा छपाईच्या शाईत आणि रंगलेपात वापरला जाणारा प्रसिद्ध निळा रंग. त्याच्या अल्फा स्फटिकाची छटा तांबूसपणाकडे झुकते आणि बीटा स्फटिकाची हिरवटपणाकडे, जरी रेणू दोहोंत एकच असतो. काही विद्रावकांच्या संगतीत अल्फा हळूहळू बीटा होतो. रंगद्रव्याचे भाग्य असे की ते विरघळू नये हीच त्याच्याकडून अपेक्षा असते, आणि त्यात बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसतो. औषधाच्या पांढऱ्या पिठात तसली सोय नाही. तेथे क्ष-किरणांचा झोत पिठावर टाकून परतणाऱ्या किरणांची नक्षी तपासावी लागते, किंवा सावकाश तापवून कोणत्या अंशावर किती उष्णता शोषली जाते याची नोंद घ्यावी लागते; प्रत्येक स्फटिकरूपाची नक्षी आणि त्याचा वितळबिंदू हे त्याच्या बोटांचे ठसे होत.

स्फटिकाच्या रूपाचा प्रश्न आपल्या देशात न्यायालयाच्या पायरीवरही चढला. रक्ताच्या एका कर्करोगावर गुणकारी ठरलेल्या इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकावर नोव्हार्टिस कंपनीने एकस्वासाठी अर्ज केला होता. २००५ साली दुरुस्त झालेल्या आपल्या एकस्व कायद्यातील कलम ३(ड) असे सांगते, की ज्ञात पदार्थाचे नुसते नवे रूप, आणि त्यात स्फटिकाची बहुरूपे स्पष्ट शब्दांत नमूद आहेत, परिणामकारकतेत लक्षणीय वाढ दाखविल्याशिवाय शोध मानले जाणार नाही. चेन्नईच्या कार्यालयाने २००६ साली अर्ज फेटाळला. त्याला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था होती. अखेर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने निकाल दिला, की पीठ सुरळीत ओघळते, ओलावा कमी घेते, अधिक स्थिर आहे, हे गुण उपयुक्त असले तरी औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची शक्ती, आणि ती वाढल्याचे सिद्ध झालेले नाही. या खटल्याच्या वेळी कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये आणि भारतीय उत्पादकांच्या औषधाचा ८ ते १० हजार रुपये असल्याचे आकडे वृत्तपत्रांतून येत असत. या निकालावर जगभर मतभेद झाले. माझ्या मते तो न्याय्य होता. परंतु त्यातून असा अर्थ कोणी काढू नये की स्फटिकाचे रूप ही क्षुल्लक बाब आहे. मालकी हक्कासाठी ते पुरेसे कारण नसेल, पण जबाबदारीसाठी ते पूर्ण कारण आहे.

ती जबाबदारी कशी पार पडते हे पाहण्यास पेणहून रोह्याची गाडी धरावी. कासू, नागोठणे ही स्थानके मागे पडतात, खाडीची ओल कमी होऊन डोंगर जवळ येतात, आणि मध्य रेल्वे जेथे संपून कोकण रेल्वे सुरू होते, त्या रोह्यास आपण उतरतो. मूळ औषधद्रव्य जेथे स्फटिकरूपाने घडविले जाते तेथे पीठ कोणत्या विद्रावकातून, किती वेगाने थंड करून, कोणते बीज टाकून बाहेर काढले, याचा तपशील घाण्याच्या दस्तऐवजात लिहिला जातो, आणि क्ष-किरणांची नक्षी त्याला जोडली जाते. त्या पिठाची गोळी जेथे बनते त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काचेची सहा पात्रे एका रांगेत असतात. प्रत्येकात साधारण ९०० मिलिलिटर द्रव, तापमान माणसाच्या देहाचे, ३७ अंश. प्रत्येकात एक गोळी सोडली जाते आणि वल्ह्यासारखे पाते मिनिटाला पन्नास फेरे या बेताने फिरू लागते. गोळी फुटते, तळाशी ढीग होतो, आणि मग तो ढीग हळूहळू कमी होत जातो, किंवा होत नाही. नेमलेली मुदत भरली की प्रत्येक पात्रातून थोडा द्रव काढून, गाळून, त्यात किती औषध उतरले ते मोजले जाते. सहा आकडे येतात. ते नोंदवहीत चढतात, मर्यादेशी ताडले जातात, आणि खाली जो मोकळा चौकोन असतो, त्यात एक तरुण किंवा तरुणी आपले नाव लिहून, नावापुढे विद्यापीठाने दिलेली पदवी लिहून, तारीख घालते.